मागे घेतलेली हरकत

१

सुषमाच्या हातात जो कागद होता, त्यावर तिचीच सही होती, आणि तो कागद तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"मावशी, ही सही माजी हाय. पर ह्ये मी लिहिलेलं न्हाई," ती म्हणाली आणि सविता पिंगळेंच्या ओट्यावर मटकन बसली. कातळवाडीपासून टाकव्यापर्यंत तासाभराची उतरण ती न थांबता आली होती.

अंगणात झोडलेलं इंद्रायणी भात उन्हात पसरलं होतं. सविताबाईंनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं, पदराला हात पुसले आणि चष्मा घेऊन आल्या. मुंबईला विधान भवनात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सरकारी खात्यांनी केलेले नियम विधिमंडळापुढे यायचे, ते ओळीओळीवर पट्टी ठेवून तपासायचं त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आल्या तरी सवय गेली नव्हती. किराणा दुकानदाराचं बिलसुद्धा त्या पट्टी ठेवून वाचत.

कागद दोन पानी होता. पहिल्या पानावर टाइप केलेल्या चार ओळी. 'आम्ही खाली सह्या करणार, कातळवाडीचे रहिवासी, नियम ७, पोटनियम (३) बाबत दिलेली आमची हरकत स्वखुशीने मागे घेत आहोत.' तारीख वीस फेब्रुवारी. दुसऱ्या पानावर अठ्ठावीस सह्या आणि अंगठे. पहिली सही सुषमाची.

"तुला कुठं मिळाला हा?"

"वडगावच्या परवाना हापिसात. सोमवारी लोणावळ्याला ती आमदारांची समिती येतीय ना, नियम तपासणारी? तिनं हापिसाला विचारलं, कातळवाडीची हरकत कुटंय? तर हापिसानं हा कागद काढला, मला ही झेरॉक्स दिली. म्हंत्यात, तुमीच मागं घेतली." सुषमानं कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, वाडीत कुनी बोलंना झालंय माज्याशी. म्हंत्यात सुषमानं इकलं आमाला."

प्रकरण सविताबाईंना ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी डोंगरपठारांवरच्या पर्यटनाचा कायदा झाला. तंबू कोणी लावायचे, चहा-भाकरी कोणी विकायची, वाट कोणी दाखवायची, हे ठरवणारे बारीक नियम करायचं काम कायद्यानं खात्यावर सोपवलं. खात्यानं मसुदा काढला. त्यात एक अट होती: परवाना हवा असेल तर पंधरा वर्षांचा रहिवास हवा 'आणि' स्वतःच्या नावावर जमीन हवी. कातळवाडीची माणसं पाच पिढ्या त्या पठाराखाली राहतात, पण सातबारा एकाच्याही नावावर नाही. त्या एका 'आणि'नं सगळी वाडी बाहेर पडत होती. म्हणून सुषमानं सह्या गोळा करून हरकत दिली होती. बारा फेब्रुवारीला, वडगावला, स्वतः जाऊन.

"पोच आहे ना?"

"हाय की." सुषमानं पिशवीतून चुरगळलेला पोचेचा कागद काढला. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. सगळं जागच्या जागी.

"मग ऐक. शेत मालकाचं असतं, कसायला वाटेकरी असतो. पण काय पेरलं ते मालकाला दाखवावं लागतं. तसंच हे. कायदा सभागृहांचा, नियम खात्याचे. जुलैत हे नियम सभागृहांपुढे ठेवले. ते अधिवेशन आणि त्याच्या पुढचं अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांनी मनावर घेतलं, तर त्यातला शब्दही बदलता येतो आणि अख्खा नियम रद्दही करता येतो. पुढचं अधिवेशन डिसेंबरात, नागपूरला. ते हुकलं की हा रस्ता बंद."

"आन् समितीला वाटलं आमची हरकतच न्हाई, तर?"

सविताबाईंनी दोन्ही पानं ओट्यावर जुळवून ठेवली, झेरॉक्सवर उमटलेल्या मूळ कागदांच्या खालच्या कडा सारख्या केल्या. वरच्या कडा काही जुळेनात.

सह्यांचं मूळ पान दोन बोटं आखूड होतं. वरून कोणीतरी कापलं होतं.

२

वडगावचं परवाना कार्यालय म्हणजे दोन टेबलं आणि चार कपाटं. एका टेबलावर साहेब. ते सप्टेंबरात बदलून आलेले आणि आल्यापासून मोजणी-दौऱ्यांतच अडकलेले. दुसऱ्या टेबलावर सुहास, सविताबाईंचा भाचा. त्यांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा सुहास नववीत होता. त्याच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपासून नोकरीच्या पहिल्या शर्टापर्यंत सगळं आत्यानं बघितलं होतं.

"आत्या! कळवलं असतंस तर कान्हे फाट्यावर घ्यायला आलो असतो." त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"जागरण होतंय का रे?"

"समिती येतीय. वर्षभराची कागदपत्रं लावायची म्हणजे..." तो हसला. "तू कातळवाडीसाठी आलीस ना? आत्या, तू यात पडू नकोस. त्या सातव्या नियमावरून गावात दोन तट पडलेत. उद्या तुझंच नाव घेतील."

"फाइल दाखव."

त्यानं निमूट दाखवली. वरती ते माघारीचं पत्र. खाली जूनमध्ये छापलेले अंतिम नियम, जमिनीच्या अटीच्या बाजूनं आलेलं एक पत्र, साहेबांची टिपणं, बैठकीच्या नोटिसा.

"मूळ हरकत कुठंय?"

"मागे घेतली म्हणजे परत नेली असणार त्यांनी. मला नीट आठवत नाही. फेब्रुवारीत ऑफिस जुन्या इमारतीतून इकडं हलवत होतो, नुसता गोंधळ."

"हे पत्र आणलं कोणी?"

"फाइलमध्येच सापडलं. मी तसंच समितीला कळवलं." सुहासनं कपाटांकडे हात केला. "हे सगळं दिवसभर उघडं असतं. तो पठारावरचा कॅम्पवाला, निलेश असवले, रोज येऊन जातो. ते बचाव पथकातले आदिनाथ सर येतात. वाडीची पोरं येतात. कोणी काय घुसवलं, मी कुठं कुठं बघू?"

पटण्यासारखं होतं. सविताबाई चहा प्यायल्या, कप बशीत उपडा घातला, अंतिम नियमांची एक प्रत मागून घेतली आणि उठल्या. दाराशी त्यांनी सहज विचारलं, "वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या एका कागदावर कधी घेतल्या होत्या का रे तुम्ही?"

सुहास कपाटाला कुलूप लावत होता. किल्ली दोनदा फिरवूनही लागली नाही.

"नाही," तो म्हणाला. "आमचा काय संबंध?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कातळवाडीला चढल्या. आंद्रा धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, ते नऊपर्यंत हललं नाही. वाडीत पंचवीस-तीस घरं. सुषमा पुढं चालत होती आणि दारादारांतून माणसं आत जात होती.

बाया नावाची म्हातारी मात्र जागची हलली नाही. पंचाहत्तरी गाठलेली ती दारात नाचणी पाखडत होती. "आली का कागदवाली?" ती सुपावरून नजर न काढता म्हणाली. "आनी तू कशाला आली गं तिच्यासंगं?"

"मावशी, तुमचा अंगठा आहे या कागदावर. तुम्ही केव्हा दिला, ते विचारायला आले."

"अंगठा! आमी काय कमी अंगठं दिलं? रेशनला अंगठा, लसीला अंगठा, पगारीला अंगठा. कोन वाचून दाखवतंय? ही शिकली म्हनून हिच्यावर इसवास ठिवला."

सुषमानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

सविताबाईंनी सुपाशेजारी बसकण मारली आणि अठ्ठावीस नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. चौदावं नाव आलं तसं शेजारच्या घरातून एक तरुण मुलगी बाहेर डोकावली. हातात राखेनं माखलेली कढई होती.

"माजं नाव घेतलं का?"

"सृष्टी तू?"

"व्हय."

"ही सही तुझी?"

सृष्टीनं वाकून पाहिलं. "माजीच. ह्यो 'स'वरचा फाटा मी असाच काढते."

"फेब्रुवारीत केलीस?"

"फेब्रुवारीत?" मुलगी हसलीच. "फेब्रुवारीत मी हितं कुटं हुते, मावशी? मी पलीकडं कुसूरच्या अंगाला, माहेरी. माजं लगीन मे महिन्यात झालं."

सुपातली नाचणी पाखडायची थांबली. बायानं पहिल्यांदा वर पाहिलं, आधी सृष्टीकडे, मग सुषमाकडे.

"लग्नानंतर सही किती वेळा केलीस? नीट आठव."

"दोनदाच. एकदा लग्नाच्या नोंदनीला. आन् एकदा त्ये पट्ट्या बांधायचं शिकवलं तवा. कुनी पडलं-झडलं, साप चावला, तर काय करायचं. वाट दाखवनाऱ्यांसाठी. आगस्टात. समद्यांनीच केल्या सह्या."

"कुठं?"

"निलेशभाऊच्या कॅम्पवर," सृष्टी म्हणाली. "भजी पन दिल्ती त्यांनी."

४

निलेश असवलेचा कॅम्प पठाराच्या कडेला होता. चाळीस तंबू, शेणानं सारवलेलं अंगण, शहरातल्या लोकांना आवडते म्हणून मुद्दाम आणून ठेवलेली बैलगाडी. निलेश स्वतः पाण्याच्या टाकीवर चढून नळ दुरुस्त करत होता. सविताबाईंना बघून खाली उतरला आणि वाकून नमस्कार केला. गावच्या नात्यानं त्या त्याच्या काकू लागत.

"काकू, मला माहितीये तुम्ही कशाला आलात. सगळा तालुका म्हणतोय, निलेशनंच केलं."

"केलंस का?"

"नाही. आणि करायची गरज काय?" तो बाकावर बसला. "मी समोरून लढतो. मसुदा निघाला तेव्हा जानेवारीतच मी लेखी दिलं की तो सहावा नियम आहे तसाच ठेवा. जमीन पाहिजेच. मी कर्ज काढून संडास बांधले, कचरा खाली नेतो. उद्या कोणीही उठून तंबू ठोकला तर पठाराचं वाटोळं होईल. हे मी सोमवारी समितीपुढे पण बोलणार आहे."

"सुषमाच्या हरकतीचं काय?"

"तिनं तिचं बोलावं. तुम्हाला खोटं वाटेल, पण ती हरकत राहायला पाहिजे. दोन्ही बाजू ऐकून सहावा नियम टिकला, तर पुढं कोर्टात कोणी हात लावणार नाही. अशी चोरून मागे घेतलेली निघाली, तर माझाच परवाना लटकेल."

बोलण्यात तथ्य होतं. सविताबाईंनी ऑगस्टच्या प्रशिक्षणाचं विचारलं.

"जागा माझी. शिकवायला आदिनाथ सर, लोणावळ्याचे. आयोजन परवाना ऑफिसचं, सुहास आला होता की. का? त्यानं सांगितलं नाही?"

सविताबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"विसरला असेल," त्या म्हणाल्या. "हजेरीचा कागद कोणाकडं राहिला?"

"ते मला नाही माहीत, काकू. सरांना विचारा."

५

आदिनाथ सर लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानावर राहत. शाळेत खेळाचे मास्तर होते. आता दऱ्यांत पडलेल्या पर्यटकांना वर काढणाऱ्या पथकात होते. जिना गुळाच्या वासानं भरलेला. सुषमाची मूळ हरकत त्यांनीच तिच्यासोबत बसून लिहिली होती.

"मला पण लोक विचारतायत," ते म्हणाले. "म्हणतात, सर, तुमचं निलेशकडं जाणंयेणं आहे. आहे. तो दोर देतो, गाडी देतो, माणसं वाचतात. म्हणून काय मी वाडीचा कागद फिरवीन?"

"हजेरीपत्रक, सर?"

त्यांनी कपाळ चोळलं. "मी प्रमाणपत्रं वाटत होतो. पत्रक टेबलावर होतं. शेवटी कोणी उचललं ते बघितलं नाही. निलेशची पोरं आवरत होती, सुहास सामान गाडीत टाकत होता. आणि हो, मीही माझे कागद गोळा केले. म्हणजे तिघांपैकी कोणीही."

"हरकतीची तुमच्याकडची प्रत?"

ती होती. आणि जानेवारीत राजपत्रात छापलेला मसुदाही होता, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. सविताबाईंनी दोन्ही मागून घेतले.

दुपारची गाडी गेली होती, पुढची दोन तासांनी. लोणावळा स्थानकाच्या टोकाच्या बाकावर त्या बसल्या. शेजारी एक बाई करवंदाच्या लोणच्याच्या बाटल्या मोजत होती. सविताबाईंनी पर्समधून पट्टी काढली आणि चार कागद मांडीवर ठेवले. जानेवारीचा मसुदा, बारा फेब्रुवारीची हरकत, वीस फेब्रुवारीची माघार, जूनचे अंतिम नियम.

हरकतीत लिहिलं होतं: 'मसुद्यातील नियम ६ मधील आणि या शब्दाला आमचा विरोध आहे.'

त्यांनी मसुदा उघडला. जमिनीची अट सहाव्या नियमात. सातवा नियम होता प्लास्टिकच्या बाटल्यांचा.

जूनचे नियम उघडले. अंतिम करताना खात्यानं सुरुवातीला व्याख्यांचा एक नवा नियम घातला होता. त्यामुळं पुढचे सगळे एकेक घर सरकले. जमिनीची अट सहावरून सातवर गेली.

सविताबाई एकदम ताठ बसल्या. एकतीस वर्षांत असे सरकलेले आकडे त्यांनी शेकड्यांनी पकडले होते, म्हणूनच पहिल्या दिवशी हा समोर असून नजरेतून निसटला, याचा त्यांना राग आला. फेब्रुवारीतल्या माणसाला सातवा नियम माहीत असणं शक्यच नव्हतं. पत्र जूननंतर लिहिलं होतं.

पण त्याच्याही पुढची गोष्ट होती, आणि ती लक्षात आली तशी त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

हे पत्र लिहिणाऱ्यानं मूळ हरकत कधी वाचलीच नव्हती.

६

शनिवारी दुपारी सुहास टाकव्याला आला, दर महिन्याला यायचा तसा, तांदळाचं पोतं न्यायला. सविताबाईंनी त्याला जेवू घातलं. पिठलं, भात, वर कच्चा कांदा. ताट पुसून खाल्ल्यावर तो ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्यांनी चारही कागद त्याच्यापुढे ठेवले.

"मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

सुहासनं मान हलवली.

"पत्रातला सात हा आकडा जूनच्या आधी नव्हता. सृष्टी मेच्या आधी वाडीत नव्हती. म्हणजे सह्या ऑगस्टच्या प्रशिक्षणाच्या. वरचं शीर्षक कापून त्यावर पत्र जोडलं. हजेरीपत्रक तिघांच्या हाताशी होतं. निलेश, आदिनाथ सर आणि तू. प्रशिक्षण तुमच्या ऑफिसचं, तरी तू मला म्हणालास, आमचा काय संबंध."

"आत्या..."

"थांब. सरांनी हरकत स्वतः लिहिली. त्यांना सहा पाठ आहे. निलेशनं जानेवारीत स्वतः लेखी दिलं, तो अजूनही सहावा नियमच म्हणतो. मानलं, यातल्या एकानं जाणूनबुजून सात लिहिला. पण दोघांनाही वाटत होतं की मूळ हरकत मंत्रालयात पोचलीये. तिथं ती असताना इथं खोटी माघार ठेवली, तर समिती दोन कागद शेजारी ठेवून पाच मिनिटांत पकडेल. असं धाडस कोण करेल? ज्याला पक्कं माहितीये की मूळ हरकत कुठंच नाही. आणि ती चोरून लपवलेली असती, तर चोरानं तिच्यातलाच सहा आकडा उतरवला असता. म्हणजे लिहिणाऱ्याकडं ती नव्हती. ती त्याआधीच हरवली होती."

त्या थांबल्या. कोंबडी वाळवणात शिरली होती. एरवी त्या धावल्या असत्या.

"हरवलेल्या हरकतीसाठी माघारीचं पत्र कोणाला लागतं, सुहास? निलेशला नाही. साहेबांना नाही, ते सप्टेंबरात आले. ज्यानं शिक्का मारून ती घेतली आणि पुढं पाठवली नाही, त्याला लागतं."

सुहासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रद्दीत गेली, आत्या. ऑफिस हलवताना दोन गठ्ठे बाहेर ठेवले होते. चुकीचा गठ्ठा गेला. मी शिक्का मारला होता, वाचलीसुद्धा नव्हती. मंत्रालयातून विचारलं, हरकती किती? मी फाइल बघितली, फाइलीत एकच, निलेशची, तीही बाजूनं. लिहून दिलं, विरोधात हरकत नाही. खात्यानं सभागृहापुढे तेच सांगितलं."

"आणि मग समितीचं पत्र आलं."

"सुषमानं पोच जोडून थेट समितीला लिहिलं होतं. माझा शिक्का, माझी सही. सभागृहाला खोटी माहिती गेली म्हटल्यावर निलंबन. मला वाटलं, मागे घेतली म्हटलं तर मिटेल. कोणाचं काय जातंय? निलेशसारखी माणसं नियम बदलू देणारच नाहीत, असं वाटायचं."

"सुषमाचं गेलं. चार दिवस वाडीत तिला कोणी पाणी विचारलं नाही."

सुहासनं मान खाली घातली. "तू सांगणार समितीला?"

सविताबाईंना त्याच्या बापाचं आजारपण आठवलं, आणि फी भरायच्या रांगेत उभा असलेला नववीतला मुलगा. गप्प राहणं त्यांच्या हातात होतं. भाच्याची चूक रद्दीवाल्याच्या माथी मारता आली असती, माघार कोणा अज्ञातानं घातली म्हणता आलं असतं. समितीनं तेवढं मानलंही असतं.

"सोमवारी अकरा वाजता सुषमाला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तू साडेदहाला ये. तू बोललास तर मी तोंड उघडणार नाही. आला नाहीस, तर ती बसायच्या आत मी उभी राहीन."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल किंवा राहील. ते माझ्या हातात नाही."

तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. तांदळाचं पोतं ओट्यावरच राहिलं.

७

सोमवारी लोणावळ्याच्या विश्रामगृहात साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. व्हरांड्यात एका बाकावर निलेश, दुसऱ्यावर आदिनाथ सर. सुषमा खांबाला टेकून उभी होती, आणि तिच्या शेजारी, कोणी न बोलावता, बाया. सृष्टीचं ऐकल्यावर म्हातारीनंच वाडीत घरोघर जाऊन सांगितलं होतं की कागद खोटा आहे. आज पहाटेच ती काठी टेकत निघाली होती.

अकराला शिपायानं सुषमाचं नाव पुकारलं. सविताबाई उठल्या.

तेवढ्यात फाटकातून सुहास आला. मोटारसायकल त्यानं रस्त्यावरच सोडली होती. आत्याकडे न बघता तो सरळ शिपायापाशी गेला. "यांच्या आधी मला पाच मिनिटं हवीत," तो म्हणाला. "ती माघार मी लिहिलीये."

तो पाच मिनिटांसाठी गेला आणि पाऊण तासानं बाहेर आला. समितीच्या अध्यक्ष, एक वयस्क आमदारबाई, दारापर्यंत त्याच्यामागोमाग आल्या आणि त्यांनी स्वतः सुषमाला आत घेतलं. आत सुषमा काय बोलली ते सविताबाईंना अर्धंच ऐकू आलं. बाया काय बोलली ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू आलं. निलेशही बोलला, जमीन हवी म्हणून, पण शेवटी म्हणाला की वाडीतल्या लोकांना परवाना दिला तर कचऱ्याची अट त्यांनाही लावा, माझं एवढंच. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं.

डिसेंबरात नागपूरला समितीचा अहवाल मांडला गेला. हरकत विचारात न घेताच नियम केला, असा ठपका त्यात होता, आणि शब्द बदलायची शिफारस. अधिवेशन संपायला दोन दिवस असताना आधी विधानसभेनं आणि मग विधान परिषदेनं फेरबदल मान्य केला. नियम सात, पोटनियम तीन, यातील 'आणि' या शब्दाऐवजी 'किंवा' हा शब्द दाखल करण्यात यावा. चर्चा अशी झालीच नाही. टीव्हीवर त्या दिवशी वेगळंच काहीतरी होतं.

सुहास निलंबित झाला. खातेनिहाय चौकशी सुरू झाली. आपणहून सांगितल्याची नोंद अध्यक्षबाईंनी अहवालात करून ठेवली होती. ती किती उपयोगी पडेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. वडगावची खोली सोडून तो टाकव्याला आत्याकडे राहायला आला. कोणाशी बोलत नसे. सकाळी शेतावर जाई, संध्याकाळी येई.

जानेवारीत परवान्याचे अर्ज निघाले. अर्ज आठ पानी, ऑनलाइन, आणि मुदत दहा दिवस. चौथ्या दिवशी सुषमा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. सुहास विळ्याला धार लावत होता. ती त्याच्यापुढं आली.

"मी तुला माफ केलेलं न्हाई," ती म्हणाली. "पन वाडीचे पंचवीसेक अर्ज हायेत आन् मला एकटीला जमत न्हाई. तुला त्यातलं कळतंय. वाडीत समद्यांम्होरं येऊन तू काय केलंस ते सांगायचं, आन् मग भरायला बसायचं. येतोस का?"

सुहासनं आत्याकडे पाहिलं. सविताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तो वाडीत गेला. वडाच्या पारापुढं उभा राहून, आवाज न चढवता, त्यानं सगळं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी 'असू दे' असंही म्हटलं नाही. बायानं एक गोणपाट झटकून जमिनीवर टाकलं आणि म्हणाली, "बस. ऊन हाय तवर उरक."

तो बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिला अर्ज बायाचा.

"नाव?"

तिनं सांगितलं.

"रहिवास किती वर्षं?"

"जल्मापास्नं."

त्यानं लिहिलं. मग पुढचा रकाना आला आणि तो अडखळला. "जमीन?"

"न्हाई," बाया म्हणाली.

सुहासनं तो रकाना मोकळा सोडला आणि अर्ज पुढं सरकतो का ते बघितलं. सरकला. त्यानं तिला अख्खा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला, प्रत्येक ओळ, आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

"परत वाच," म्हातारी म्हणाली.

त्यानं परत वाचला.